गाडीची बॅटरी बदलताना आधी कोणती तार सोडवावी?

भिवंडीहून ठाण्याकडे निघण्याच्या घाईत किल्ली फिरवावी आणि मोटारीने नुसते ‘टक-टक’ करावे, हा अनुभव पावसाळ्यात अनेकांना येतो. बॅटरी थकते ती खरे तर उन्हाळ्याच्या उष्णतेने. दिवे आणि वायपरचा भार वाढला की ते उघडकीस येते.

बॅटरी घरीही बदलता येते. बारा व्होल्टचा झटका जाणवत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. धोका निराळाच आहे. मोटारीचा लोखंडी सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. धन टोक आधी सोडवताना पाना सांगाड्याला टेकला, तर त्यातून शेकडो अँपिअरचा प्रवाह धावतो, ठिणग्या उडतात. चार्जिंगच्या वेळी निघालेला हायड्रोजन जवळ साचलेला असेल, तर बॅटरी फुटून गंधकाम्ल तोंडावर उडू शकते. ऋण तार आधी काढली की पाना सांगाड्याला लागला तरी प्रवाहाला वाट उरत नाही. नवी बॅटरी बसवताना क्रम उलटा : आधी धन, शेवटी ऋण.

त्यापूर्वी इंजिन बंद करावे, अंगठी व घड्याळ उतरवावे, हातमोजे व चष्मा घालावा. आम्ल डोळ्यांत गेल्यास किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन तातडीने डॉक्टर गाठावा. संगणकीय यंत्रणेच्या काही नव्या मोटारींत मात्र हे काम कार्यशाळेवर सोपवलेले बरे.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देण्याचा मोह होतो. तिच्यातील शिसे उघड्यावर वितळवले की त्याची विषारी वाफ आसपासच्या मुलांच्या मेंदूला बाधते. २०२२च्या नियमांनुसार ती घरगुती कचऱ्यात टाकता येत नाही. नवी घेताना विक्रेत्याकडेच ती परत द्यावी. बहुधा किमतीत सूटही मिळते.