मोटरहोम डोलतंय? खर्चाआधी हे पाहा

अमेरिकेतल्या पेट्रोलवर धावणाऱ्या बहुतेक मोठ्या मोटरहोमखाली फोर्डची ‘एफ-५३’ चासी असते. वर उंच घर, त्यामुळे शेजारून ट्रक गेला की गाडी हेलकावते. उपाय स्वस्तापासून महागाकडे :

■ वजन आणि हवा : पाणी, गॅस, सामान भरूनच गाडी काट्यावर न्या. टायर कंपनीच्या तक्त्यानुसार हवा भरा. एका आसावरच्या सगळ्या टायरांत हवा सारखीच. हिशेब जड बाजूचा.

■ स्वे बारची भोकं : स्वे बार म्हणजे डावी-उजवी बाजू जोडणारा, पीळ झेलणारा पोलादी दांडा. बऱ्याच एफ-५३च्या दांड्याला टोकाशी दोन-दोन भोकं असतात. दांड्याच्या टोकाला जोडलेली लिंक बाहेरच्या भोकातून आतल्या भोकात घेतली की दांड्याची भुजा आखूड होते, दांडा ताठरतो. नवा सुटा भाग लागत नाही. बदल पुढे-मागे दोन्हीकडे करा.

■ शॉक अ‍ॅब्सॉर्बर : उसळी थोपवतात, वजन पेलत नाहीत. स्प्रिंगच्या बसलेल्या पाट्यांवर ते इलाज नव्हेत. स्वे बारही नव्हे.

■ ट्रॅक बार : मागचा आस आडवा सरकू देत नाही, वाऱ्यात गाडीची शेपूट कमी हलते.

■ जाड दांडा : व्यास १० टक्के वाढला की पिळाविरुद्धचा ताठरपणा सुमारे ४६ टक्के वाढतो. मात्र एका चाकाखालचा खड्डा मग दोन्ही बाजूंना जाणवतो.

एका वेळी एकच बदल करा, ओळखीच्या रस्त्यावर गाडी चालवून पाहा. पुढचा खर्च त्यानंतरच.