टू-स्ट्रोक इंजिनाची पुनर्बांधणी आणि क्रँकशाफ्ट बदलण्याचा निर्णय : 'चेतक' स्कूटरच्या संदर्भात

प्रस्तावना

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा आज देशातील वाहननिर्मितीचे एक प्रमुख केंद्र म्हणून ओळखला जातो. या ओळखीच्या जडणघडणीत आकुर्डी येथील बजाज ऑटोच्या कारखान्याचा वाटा मोठा आहे. इटलीच्या पियाजिओ कंपनीशी असलेला परवाना-करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये 'चेतक' ही स्कूटर बाजारात आली. तिच्यासाठी ग्राहकांना वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागे. २००९ मध्ये कंपनीने स्कूटरनिर्मिती थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. तथापि अनेक घरांत ही स्कूटर आजही जपली जाते आणि तिचे इंजिन दुरुस्तीसाठी गॅरेजमध्ये येतच असते. अशा वेळी क्रँकशाफ्ट बदलावा की जुनाच ठेवावा, हा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने नव्हे तर मोजमापाने कसे द्यावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

रचनेमागील कारणमीमांसा

मोटार किंवा ट्रकच्या चार धावांच्या इंजिनात क्रँकशाफ्ट सामान्यतः एकसंध घडवलेला असतो. पुण्यातील मुंढवा येथे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या भारत फोर्जचे नाव अशाच घडीव क्रँकशाफ्टसाठी जगभर घेतले जाते. या प्रकारात तेल पंपाद्वारे दाबाने बेअरिंगपर्यंत पोहोचते. झीज झाल्यास शाफ्टचा पृष्ठभाग घासून त्यावर कमी मापाचे बेअरिंग बसविता येते.

टू-स्ट्रोक इंजिनात परिस्थिती वेगळी आहे. येथे पिस्टनखालील क्रँककेस हाच इंधन-हवेचे मिश्रण ढकलणारा पंप असतो. त्यामुळे तेथे तेलाचा साठा ठेवता येत नाही व पेट्रोलमध्ये मिसळलेल्या अल्प तेलावरच सर्व भागांचे वंगण अवलंबून असते. एवढ्या तेलावर सपाट बेअरिंग टिकत नाही, म्हणून कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकास सुईसारख्या बारीक रोलरांचे बेअरिंग वापरतात. त्यासाठी रॉडचे टोक अखंड असणे सोयीचे ठरते आणि अखंड टोकाचा रॉड बसवावयाचा तर क्रँकशाफ्टच सुट्या भागांतून जुळवावा लागतो. दोन चकत्या आणि त्यांना जोडणारी पिन प्रेसखाली घट्ट दाबून तो तयार होतो. परदेशात विकल्या गेलेल्या यामाहा बॅन्शीसारख्या टू-स्ट्रोक एटीव्हीमध्येही हेच तत्त्व आढळते. अशा क्रँकशाफ्टची पिन झिजली तर ती घासून कामी आणण्याची सोय नसते. पिन, रॉड व बेअरिंगचा संच नवा दाबून बसविणे किंवा संपूर्ण क्रँकशाफ्ट बदलणे, हे दोनच पर्याय उरतात.

अपुऱ्या दुरुस्तीचा धोका

चेतकच्या सिलिंडरचा व्यास ५७ मि.मी. व पिस्टनची धाव ५७ मि.मी. असून त्यावरून १४५.४५ घन सें.मी. ही क्षमता येते. मिनिटाला ५,००० फेऱ्यांच्या वेगाने पिनवर सेकंदाला सुमारे ८३ स्फोटांचा आघात होतो, कारण टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीत एक स्फोट असतो. खर्च वाचावा म्हणून अनेकदा केवळ बोअर करून नवा पिस्टन व रिंगा बसविल्या जातात. नव्या पिस्टनमुळे दाब पूर्ववत होतो आणि झिजलेल्या खालच्या बेअरिंगवरील भार वाढतो. परिणामी काही दिवसांतच ठोक्याचा आवाज येऊ लागतो. बेअरिंग तुटल्यास त्याचे तुकडे नवा पिस्टन व सिलिंडर दोन्ही निकामी करतात आणि मालकास संपूर्ण खर्च दुसऱ्यांदा सोसावा लागतो.

तपासणीचे निकष

पहिला निकष रॉडच्या उभ्या खेळाचा. पिन सर्वांत वर आणून रॉड सरळ वर-खाली ओढून पाहावा. हाताला ठोका जाणवल्यास बेअरिंग झिजले आहे असे समजावे. रॉडची बाजूची हालचाल मात्र काही प्रमाणात आवश्यकच असते. ती फीलर गेजने मोजावी. या दोन हालचालींत गल्लत झाल्यास चांगला क्रँकशाफ्ट भंगारात जातो किंवा खराब क्रँकशाफ्ट इंजिनात राहतो.

दुसरा निकष सरळपणाचा. क्रँकशाफ्ट व्ही-ब्लॉकवर ठेवून फिरवावा व दोन्ही टोकांशी डायल गेज लावावा. साधारणतः ०.०३ ते ०.०५ मि.मी. पर्यंतचा फरक चालतो. अंतिम मर्यादा निर्मात्याच्या पुस्तिकेनुसार ठरवावी. इंजिन जाम झाले असल्यास चकत्या पिनभोवती सरकलेल्या असू शकतात, म्हणून त्या वेळी ही तपासणी अनिवार्य ठरते.

तिसरा निकष चकतीच्या पृष्ठभागाचा. व्हेस्पा परंपरेतील रोटरी व्हॉल्व्हच्या इंजिनात क्रँकची चकतीच मिश्रणाच्या प्रवेशद्वाराची उघडझाप करते. तिच्यावर किंवा क्रँककेसमधील बैठकीवर खोल ओरखडे असल्यास मिश्रण परत फिरते. नवा क्रँकशाफ्ट घेतानाही चकतीचा आकार त्याच इंजिनाचा आहे याची खात्री करावी.

जोडणीतील दक्षता

क्रँकशाफ्ट हातोडीने ठोकून बसविल्यास चकत्यांची जुळणी बिघडते. त्याऐवजी ॲल्युमिनियमचा क्रँककेस समप्रमाणात तापवावा. ५० मि.मी. व्यासाची खाच ८० अंश सेल्सिअसने अधिक तापविली असता सुमारे ०.०९ मि.मी. रुंदावते आणि बेअरिंग सहज बसते. दोन्ही बाजूंची ऑइल सील बदलणे आवश्यक आहे. मॅग्नेटोकडील सील गळल्यास जादा हवा आत येऊन मिश्रण विरळ होते व पिस्टन जाम होतो; क्लचकडील सील गळल्यास गिअरचे तेल जळून दाट धूर येतो.

निष्कर्ष

क्रँकशाफ्ट बदलण्याचा निर्णय हा मुळात मोजमापाचा विषय आहे. फीलर गेज, व्ही-ब्लॉक व डायल गेज ही साधने अभियांत्रिकी महाविद्यालये व आयटीआयच्या कार्यशाळांत सामान्यतः उपलब्ध असतात. भंगारातील जुने क्रँकशाफ्ट विद्यार्थ्यांच्या हाती दिल्यास तन्यता, घर्षण, उष्माप्रसरण व मापनशास्त्र हे चार विषय एकाच वस्तूतून शिकविता येतील. २०१९ मध्ये 'चेतक' हे नाव विद्युत स्कूटरच्या रूपाने परतले असून तिच्यात क्रँकशाफ्टच नाही. म्हणूनच जुन्या इंजिनांवर हात बसलेल्या कारागिरांचे ज्ञान त्यांच्याबरोबर लोप पावण्यापूर्वी त्याची शास्त्रीय नोंद होणे अगत्याचे आहे.