हॅमस्टर चेंडूत का धावतो?

आमच्या शेजारी राहणाऱ्या आठवीतल्या मुलाला त्याच्या मामाने एक हॅमस्टर आणून दिला. सोनेरी पाठ, पांढरे पोट, मण्यांसारखे काळेभोर डोळे आणि नावापुरती शेपूट. गालांत दाणे भरले की त्याचे तोंड असे काही फुगते की घरच्यांनी त्याचे नाव 'लाडू' ठेवले. या लाडूसाठी आपणही काहीतरी न्यावे म्हणून प्रस्तुत लेखकाने एका दुकानातून पारदर्शक प्लॅस्टिकचा एक पोकळ चेंडू विकत आणला. चेंडू साधारण वीतभर व्यासाचा होता. प्राण्याला आत सोडायचे, झाकण फिरवून लावायचे आणि चेंडू जमिनीवर ठेवायचा. प्राणी चालू लागला की चेंडू घरंगळू लागतो. घरात कोठेही फिरा, हरवायची भीती नाही आणि शिवाय व्यायाम, असे खोक्यावर लिहिले होते.

"काका, बघा ना, किती खुशीत पळतोय!"

लाडू पळत होता खरा. चेंडू टेबलाच्या पायावर आपटला, वळला, भिंतीवर आपटला, पुन्हा वळला आणि उघड्या दारातून थेट जिन्याकडे निघाला. मुलाच्या आईने चपळाईने पाय आडवा घातला म्हणून अनर्थ टळला. झाकण उघडले तर लाडू बाहेरच येईना. तो अंग चोरून बसला होता, तळाशी लेंड्या आणि ओल होती आणि मागच्या पायाचे एक नख फटीत अडकून मोडले होते.

भेट आणणारा मीच होतो, तेव्हा चौकशी करणेही मला भागच होते. लाडू खुशीत पळत होता, हे आपण कशावरून ठरवले?

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. प्राण्याला बोलता येत नाही, म्हणून आपण त्याच्या हालचालीवरून त्याचे मन वाचू पाहतो. पण चेंडूची रचनाच अशी आहे की आतल्या प्राण्याने काहीही केले तरी चेंडू फिरणारच. तो मजेने धावला तरी फिरणार, वाट शोधू लागला तरी फिरणार आणि घाबरून भिंतीवर चढू लागला तरी फिरणारच. बाहेरून पाहणाऱ्याला तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. ज्या उपकरणावर निरनिराळ्या कारणांचा परिणाम एकच दिसतो, त्यावरून कारण ओळखता येत नाही. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला हा धडा पहिल्याच वर्षी मिळतो.

मग चेंडूच्या आत नेमके काय घडते, ते पाहू. पण त्याआधी हा प्राणी मुळात कोठला आणि कसा राहणारा, ते माहीत हवे.

हलबच्या शेतातून

पाळीव हॅमस्टरमध्ये सर्वांत परिचित असलेला सोनेरी हॅमस्टर हा सिरियाचा रहिवासी. तेथील हलब, म्हणजेच अलेप्पो, या शहराच्या परिसरातून मिळालेल्या नमुन्यावरून जॉर्ज वॉटरहाऊस या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे जवळजवळ शंभर वर्षे त्याच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९३० मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील सॉल ॲडलर हे संशोधक लीशमानिया या परोपजीवीवर काम करीत होते. आपल्याकडे बिहार-बंगालमध्ये ज्याने हजारो बळी घेतले तो काळा आजार याच परोपजीवीमुळे होतो. ॲडलर यांना प्रयोगासाठी सहज वाढवता येईल असा लहान प्राणी हवा होता. त्यांच्या सांगण्यावरून इस्राएल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने हलबजवळच्या एका शेतात खोल खणून एक मादी आणि तिची पिले मिळवली. त्यांतली काही दगावली, काही पळाली, पण उरलेल्यांची पैदास इतकी झपाट्याने झाली की आज जगभरच्या घरांत आणि प्रयोगशाळांत असलेले बहुतेक सोनेरी हॅमस्टर त्या एकाच कुटुंबाचे वंशज आहेत. आमचा लाडूही बहुधा त्यांतलाच.

वर 'खोल खणून' असे म्हटले, ते लक्षात ठेवा. १९९७ आणि १९९९ मध्ये रोल्फ गाटरमान या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह त्या प्रदेशात जाऊन हॅमस्टरची बिळे मोजली. त्यांची सरासरी खोली सुमारे ६५ सेंमी. भरली आणि काही बिळे तर मीटरभराहून खोल होती. प्रत्येक बिळात एकच प्रौढ प्राणी. म्हणजे हा एकटा राहणारा, जमिनीखाली घर करणारा, धान्य गालांत भरून आणून साठवणारा जीव आहे. त्याची दृष्टी अधू असते. त्याचे जग वासाचे, मिशांच्या स्पर्शाचे आणि आवाजाचे असते. त्याला आपल्या कानांच्या मर्यादेपलीकडचे, २०,००० हर्ट्झच्या वरचे आवाजही ऐकू येतात. दोन्ही कुशींवर असलेल्या ग्रंथींनी तो आपल्या वाटांवर वासाच्या खुणा करून ठेवतो.

अंधारात घर शोधण्याची त्याची आणखी एक रीत आहे आणि ती फार विलक्षण आहे. जिनिव्हा विद्यापीठातील आरियान एतिएन यांनी तिचा अनेक वर्षे अभ्यास केला. एका मोठ्या गोल रिंगणाच्या कडेला हॅमस्टरचे घरटे असे. अंधारात तो वाकड्यातिकड्या वाटेने जाऊन दाणे गालांत भरी आणि परत येताना मात्र आलेल्या वाटेने न जाता जवळजवळ सरळ रेषेत घराकडे वळे. जाताना आपण किती चाललो आणि किती वळलो याचा हिशेब त्याचे शरीर आपोआप ठेवते. एखाद्या जहाजाचा कप्तान वेग आणि दिशा यांवरून आपले ठिकाण काढतो, तसेच हे आहे.

आता असा प्राणी चेंडूत ठेवून पाहा. जमिनीचा वास त्याला मिळत नाही. मिशा टेकतात त्या गुळगुळीत प्लॅस्टिकला, आणि ते सगळीकडे सारखेच. फरशीवरून घरंगळणाऱ्या चेंडूचा खडखडाट मात्र चोहोबाजूंनी कानांवर आदळतो. चाललेल्या वाटेचा हिशेबही बिनसत असला पाहिजे, कारण तो चार पावले टाकून थांबला तरी चेंडू पुढे जातच राहतो आणि धडकला की स्वतःहून वळतो. ज्या ज्या साधनांनी तो आपले ठिकाण ओळखतो, ती सगळीच एकदम निकामी होतात.

थोडे गणित

चेंडू पुढे का जातो? प्राणी आतल्या वक्र पृष्ठावर थोडा पुढे चढतो. त्यामुळे प्राणी आणि चेंडू यांचा मिळून असलेला गुरुत्वमध्य जमिनीला टेकलेल्या बिंदूच्या पुढे सरकतो आणि चेंडू त्या बाजूला कलंडतो. असे सतत होत राहिले की तो घरंगळतो. १८ सेंमी. व्यासाचा चेंडू एका फेरीत सुमारे ५७ सेंमी. जातो. म्हणजे तीन मीटर लांबीची खोली जेमतेम सहा फेऱ्यांत संपते.

चेंडूला ब्रेक नाही. प्राणी थांबला तरी जडत्वामुळे चेंडू फिरतच राहतो आणि त्याला मागच्या भिंतीवर उचलून नेतो. भिंतीवर आदळून चेंडू थांबतो, पण आतला प्राणी थांबत नाही. एस. टी.च्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला की उभ्या उतारूंचे काय होते, ते तुम्ही अनुभवले असेल. उतारूला धरायला निदान दांडी तरी असते.

आता एक वर्तुळ काढा. त्रिज्या ९ सेंमी. घ्या. धावताना हॅमस्टरचे पुढचे आणि मागचे पाय १० सेंमी. अंतरावर टेकतात असे मानू. ही झाली वर्तुळाची जीवा. पायथागोरसच्या सिद्धांताने केंद्रापासून जीवेचे अंतर ८१ वजा २५, म्हणजे ५६ याचे वर्गमूळ, सुमारे ७.५ सेंमी. येते. त्रिज्येतून हे वजा केले तर उरतात १.५ सेंमी. पायांना जोडणाऱ्या रेषेपासून जमीन मधोमध इतकी खाली गेलेली असते. प्राण्याचे पुढचे पाय सुमारे ३४ अंशांच्या चढावर असतात आणि मागचे पाय तितक्याच विरुद्ध चढावर! ज्या प्राण्याची पाठ जमिनीला समांतर राहायची, ती येथे धनुष्यासारखी उलटी वाकते. त्रिज्या १५ सेंमी. घेऊन हेच गणित करा. मधली खोली सुमारे ०.९ सेंमी. येते आणि चढ साडेएकोणीस अंशांवर उतरतो. सुधारणा आहे, पण जमीन सपाट काही होत नाही.

आणखी एक हिशेब. १८ सेंमी. व्यासाच्या चेंडूचे घनफळ सुमारे तीन लिटर येते. हवा येते ती अरुंद फटींतून. फटी रुंद केल्या तर पाय अडकतात, अरुंद ठेवल्या तर हवा कोंडते. त्यात हॅमस्टरला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, म्हणून धावून तापलेले शरीर थंड करणे त्याला जड जाते. चेंडू खिडकीतून येणाऱ्या उन्हात गेला तर पारदर्शक प्लॅस्टिकच्या आत काय होईल, हे वेगळे सांगायला नको. पाणी नाही, लपायला जागा नाही आणि मलमूत्र पायांखालीच. ब्रिटनमधील आर. एस. पी. सी. ए. ही प्राणिकल्याण संस्था हे चेंडू वापरू नयेत असे सांगते. जर्मनीतील पशुवैद्यांच्या प्राणिसंरक्षण संघटनेने तर त्यांची गणना प्राण्यांना अपायकारक असलेल्या सामानातच केली आहे.

मग चाक का चालते?

येथे एक हुशार विद्यार्थी हात वर करील. "सर, पिंजऱ्यातले चाकही गोलच असते. तेही वाईट का?"

शंका रास्त आहे. लहान चाकातही पाठ तशीच वाकते आणि थांबलेल्या प्राण्याला वेगातले चाक कधीकधी वर उचलून नेते. वरचे गणित चाकालाही तंतोतंत लागू आहे, म्हणून चाक मोठे हवे. धावण्याचा पृष्ठभागही सलग हवा, कारण दांड्यांच्या मधून पाय निसटतात. फरक एकाच गोष्टीचा आहे आणि तो फार मोठा आहे. चाकातून उतरता येते.

या फरकामुळे चाकाच्या बाबतीत प्राण्याला प्रश्न विचारता येतो. नेदरलँड्समधील लायडेन येथील योहाना माइयर आणि युरी रॉबर्स यांनी तो फार गमतीदार रीतीने विचारला. त्यांनी उघड्या रानात चाके ठेवली आणि कॅमेरे लावले. पिंजरा नाही, सक्ती नाही. २०१४ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. रानातले उंदीर आपण होऊन चाकात येत, धावत, उतरत आणि पुन्हा येत. एवढेच नव्हे तर बेडूक आणि बिनशंखाच्या गोगलगायीही चाकात सापडल्या. (गोगलगाय व्यायामाला आली होती, असे मात्र कोणी म्हटलेले नाही.) कॅनडातील प्रयोगांत हॅमस्टरांपुढे दोन-दोन चाके ठेवली, तेव्हा त्यांनी मोठ्या व्यासाचे चाक आणि दांड्यांवर जाळी बसवलेले चाक अधिक पसंत केले, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. आपण गणिताने काढलेले उत्तर प्राण्यांनी पायांनी दिले!

म्हणून कोणतेही चाक दिले की काम झाले असे नाही. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी हॅमस्टरना १०, ४० आणि ८० सेंमी. जाडीचा भुसा अंथरून ठेवले. १० सेंमी.वाले हॅमस्टर पिंजऱ्याचे गज जास्त कुरतडत आणि चाकातही जास्त धावत. जास्त धावणे म्हणजे जास्त सुख, हा आपला समज येथेही फसतो. ज्याला खणायला मिळत नाही तो धावतो, असेही असू शकते. सिरियातली ती ६५ सेंमी. खोल बिळे आठवा.

पिंजरा साफ करताना प्राणी ठेवायचा कोठे, म्हणून काही जण चेंडू वापरतात. त्याला उंच काठाची रिकामी प्लॅस्टिकची पेटी पुरते. मोकळे फिरवायचे तर एका कोपऱ्याला पुठ्ठ्याचे उंच कुंपण करावे, आत कागदी नळ्या, लपायला खोका आणि विखुरलेले दाणे ठेवावेत आणि आपण शेजारी बसून राहावे. वेळ रात्रीची धरावी. पाळलेला हॅमस्टर दिवसा झोपतो. रानातल्या माद्या मात्र दिवसाउजेडी बिळाबाहेर पडतात, असे गाटरमान यांच्याच गटाला आढळले आणि त्याचे कारण शोधणे हे एक वेगळेच प्रकरण आहे.

आमच्या शेजाऱ्याने लाडूचे नख बरे झाल्यावर एक प्रयोग केला. पुठ्ठ्याच्या कुंपणात एका बाजूला मोठे चाक ठेवले आणि दुसऱ्या बाजूला झाकण काढलेला चेंडू, विटांच्या तुकड्यांत हलणार नाही असा अडकवून. मग वहीत वेळ मांडून तो रोज रात्री जेवणानंतर तासभर नोंदी करीत बसला. चाकाच्या रकान्यात पाने भरली. चेंडूच्या रकान्यात पहिल्या काही दिवसांत 'हुंगून परत' एवढेच होते.

पुढे त्याने चेंडूचे दोन भाग सोडवले आणि झाकणाचे तोंड असलेला अर्धा भाग भुशात पालथा रोवला. दोनच दिवसांत आतली जागा सूर्यफुलाच्या बियांनी भरली. झाकण फेकून दिले आहे. लाडू त्या भोकातून गाल फुगवून आत जातो, रिकामे करून बाहेर येतो आणि चाकाकडे वळतो.