प्रोसेसर बदलण्याआधी बोर्डाला विचारा

शिरोळ तालुक्यात लग्नसराई आणि उसाचा हंगाम एकदमच अंगावर येतात. तुळशीचं लग्न लागेपर्यंत कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात, रस्त्याला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागलेल्या असतात आणि जयसिंगपूर, कुरुंदवाड, नांदणी, दत्तवाड इथल्या फोटो स्टुडिओंत मेमरी कार्डांचा ढीग साचायला लागतो. लग्नाची कॅसेट दोन महिन्यांनी हातात पडली तरी पूर्वी चालायचं. आता हळद उतरायच्या आत नवरीकडच्यांना रील हवी असते, आणि खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात केलेल्या प्री-वेडिंगचा व्हिडिओ मांडवातल्या एलईडी पडद्यावर लागायलाच हवा असतो. या दिवसांत कॉम्प्युटरच्या दुकानात हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "अण्णा, मशीन लई रखडतंय, प्रोसेसर बदलून टाका." त्याच काउंटरवर कॉलेजातला एखादा पोरगाही उभा असतो. त्याचा व्हॅलोरंट ऐन मोक्याला अडकतो. त्यालाही प्रोसेसरच बदलायचा असतो.

मागणी एकच असली तरी दोघांचं दुखणं वेगळं आहे. ते ओळखायचं सोडून दुकानदार बहुधा कपाटातला सगळ्यात महाग प्रोसेसर काढून दाखवतो.

आधी त्या पोराचं बघू. गेममधलं प्रत्येक चित्र प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड मिळून तयार करतात. कोण कुठं उभा आहे, गोळी कुणाला लागली, भिंतीआड कोण आहे हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो आणि मग ग्राफिक कार्डाला सांगतो, हे काढ. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्रासाठी जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात; १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला असेल तर ७ सुद्धा नाहीत. प्रोसेसर मागे पडला की कार्ड कितीही दणकट असो, ते नुसतं वाट बघत बसतं. हे तपासायला पैसा लागत नाही. गेमचं रिझोल्यूशन उतरवून ७२० वर आणायचं. चित्रांचा वेग भराभर वाढला तर अडचण ग्राफिक कार्डाची आहे, आणि नव्या प्रोसेसरवर घातलेले पैसे वाया जाणार आहेत. वेग होता तिथंच राहिला तर मात्र दोष प्रोसेसरचा.

टास्क मॅनेजर इथं हमखास फसवतो. प्रोसेसरचा वापर ३५ टक्के दिसतो आणि पोरगा म्हणतो, अजून तर निम्म्याहून जास्त मोकळा आहे. पण सहा कोअर आणि बारा थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात त्याचे जेमतेम ८ टक्के दिसतात. गेमचा मुख्य हिशेब बहुतेक वेळा एकदोन थ्रेडवरच चाललेला असतो. ते घामाघूम झालेले असताना उरलेले रिकामे बसून असतात. म्हणून गेमसाठी कोअर मोजत बसण्यात फार अर्थ नाही. एकेका कोअरचा वेग आणि त्याच्याजवळची कॅशे बघावी. कॅशे म्हणजे फोडणीच्या वेळी हाताशी असलेला मिसळणाचा डबा. तो लहान असेल तर दर वेळी मोहरीसाठी माळ्यावर चढावं लागतं. एएमडीने एप्रिल २०२२ मध्ये आणलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डी या चिपमध्ये नेहमीच्या ३२ एमबी कॅशेवर आणखी ६४ एमबीचा थर चढवला आणि ती ९६ एमबी केली. घड्याळाचा वेग साध्या ५८००एक्सपेक्षा कमी असूनही गेममध्ये ही चिप तिच्या पुढे गेली. व्हिडिओ रेंडर करताना मात्र तिचा तो थाट चालत नाही, तिथं साधी ५८००एक्सच थोडी सरस पडते. गेमला उत्तम तो कामालाही उत्तम, हा समज या एका चिपने खोटा पाडला आहे.

आता स्टुडिओवाला. त्याची तक्रार ऐकली की मी पहिल्यांदा विचारतो, नेमकं थांबायला कुठं लागतं? टाइमलाइनवर क्लिप पुढंमागं करताना अडकते, की काम संपल्यावर एक्सपोर्टला तास लागतो? हे दोन आजार वेगळे आहेत. टाइमलाइन अडकण्याचं मूळ पुष्कळदा कॅमेऱ्यात असतं. हल्लीचे मिररलेस कॅमेरे ४के चित्रण एच.२६५ मध्ये दाबून साठवतात. त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते. शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं एवढंच नोंदलेलं असतं. एक फ्रेम दाखवायची तर आधीच्या अनेक फ्रेम उलगडाव्या लागतात. त्यात रंग सुधारायला सोपं जावं म्हणून '४:२:२ १०-बिट' चा पर्याय निवडलेला असेल तर ग्राफिक कार्ड हात वर करतं. एनव्हिडियाच्या कार्डांना हा प्रकार थेट उलगडता यायला लागला तो २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून. त्याआधीचं कार्ड कितीही महाग असलं तरी हा सगळा बोजा प्रोसेसरवर पडतो.

इंटेलच्या प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक इथं कामाला येतं. ११व्या पिढीपासून ते एच.२६५ चं ४:२:२ चित्रण थेट उलगडतं. म्हणजे ज्या भागाकडे गेम खेळणारा ढुंकूनही बघत नाही, तोच लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याचा तारणहार ठरतो. आणि नेमका तोच भाग बंद केलेले, नावाच्या शेवटी 'एफ' असलेले प्रोसेसर थोडे स्वस्त म्हणून आपल्याकडे धडाक्यात खपतात. गेमिंगसाठी एफ घ्या, काही बिघडत नाही. एडिटिंगसाठी ती बचत अंगाशी येते.

काहीच विकत न घेताही यातून वाट निघते: प्रॉक्सी. मूळ क्लिपांच्या हलक्या प्रती रात्रीच बनायला लावायच्या, सकाळी त्यांच्यावर काम करायचं, शेवटी एक्सपोर्ट मूळ क्लिपांतून. प्रीमियरमध्ये आणि डाविंची रिझॉल्व्हमध्ये ही सोय बसवलेलीच आहे. तरी ती न वापरता मशीनला शिव्या देणारेच जास्त भेटतात. तसंच रॅमचं. सोळा जीबीची एकच पट्टी टाकलेली, दुसरा स्लॉट रिकामा, आणि बायोसमध्ये रॅमला पूर्ण वेगाने चालवणारं एक्सएमपी चालू न केल्याने ३२०० ची रॅम २४०० किंवा २६६६ वर चाललेली, अशी मशीनं कितीतरी आहेत. आधी हे सुधारावं. फ्लेक्स आणि पत्रिका करणाऱ्या कोरलड्रॉवाल्याला तर बहुतेक वेळा प्रोसेसरची गरजच नसते. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली की त्याचं भागतं.

इतकं तपासूनही दोष प्रोसेसरचाच निघाला, तर खरा प्रश्न बोर्डाचा. कुठला प्रोसेसर बसेल हे तुमचा खिसा नव्हे, मदरबोर्ड ठरवतो. आणि या बाबतीत दोन्ही कंपन्यांचा स्वभाव निराळा आहे.

एएमडीने एएम४ हे सॉकेट २०१६ मध्ये आणलं, त्यावर पहिला रायझन मार्च २०१७ मध्ये आला आणि २०२४ मध्येही त्याच सॉकेटासाठी नव्या चिपा निघत होत्या. बी४५० सारखे बोर्ड रायझनची ५००० मालिका आधीपासूनच चालवत होते. मार्च २०२२ मध्ये कंपनीने बी३५० आणि ए३२० अशा अगदी पहिल्या बोर्डांनाही बायोस अपडेट करून ही मालिका चालेल असं जाहीर केलं. म्हणजे कुणी २०१७ च्या दिवाळीत रायझन ५ १६०० घेतला असेल, तर त्याच बोर्डावर, त्याच रॅमवर आज रायझन ५ ५६०० बसतो. दोन्हीचे कोअर सहाच आणि दोन्ही ६५ वॉटचे. पण कमाल घड्याळ ३.६ वरून ४.४ गिगाहर्ट्झ झालेलं आहे, आणि एएमडीच्याच दाव्यानुसार प्रत्येक ठोक्याला होणारं काम झेन-२ या मधल्या रचनेत १५ टक्क्यांनी आणि ५६०० च्या झेन-३ रचनेत त्यावर आणखी १९ टक्क्यांनी वाढलं. कोअर न वाढवता मशीन पालटतं ते असं. माझ्या मते घरगुती कॉम्प्युटरच्या बाजारात इतका फायद्याचा सौदा दुसरा नाही.

इंटेलकडे सॉकेट दोनतीन वर्षांत बदलतं. त्यातही एक खोडा आहे: ६वी-७वी पिढी आणि ८वी-९वी पिढी, चौघींचंही सॉकेट ११५१ च. चिप जागेवर बसते, पण ८व्या पिढीची चिप जुन्या बोर्डावर चालू होत नाही. नुसता सॉकेटचा आकडा बघून ऑनलाइन मागवलेली आय७ ड्रॉवरमध्ये पडून राहते ती यामुळेच. पुढं १७०० सॉकेटावर १२वी, १३वी आणि १४वी अशा तीन पिढ्या आल्या. तुमच्याकडे १२व्या पिढीचा आय३ किंवा आय५ असेल तर नशीबवान म्हणायचं.

एके काळी दोन्ही कंपन्यांच्या चिपा एकाच सॉकेटात बसायच्या, हे आजच्या पोरांना खरं वाटत नाही. पुण्यात जन्मलेले विनोद धाम हे १९९३ च्या पेन्टियमचे जनक म्हणून ओळखले जातात. पुढं ते इंटेल सोडून नेक्सजेनमध्ये गेले, ती कंपनी एएमडीने घेतली आणि तिथून १९९७ मध्ये के६ हा प्रोसेसर निघाला. तो पेन्टियमच्याच सॉकेट ७ बोर्डावर बसत असे. इंटेलने त्याच वर्षी पेन्टियम टू साठी वेगळाच स्लॉट काढला आणि ही वाट बंद केली. तेव्हापासून एकाची चिप दुसऱ्याच्या बोर्डावर बसवायची सोय राहिली नाही.

आत्ता घाई का वाढली आहे, तर दोन गोष्टींमुळे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ च्या यादीत इंटेलची ८वी पिढी आणि रायझनची २००० मालिका यांच्यापासून पुढचेच प्रोसेसर आहेत. पहिला रायझन त्यात बसत नाही, पण त्याच बोर्डावर ५६०० बसवला की मशीन यादीत येतं. दुसरी गोष्ट रॅमची. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचलल्यामुळे २०२५ च्या अखेरीस भाव भडकले, आणि क्रुशियल नावाने घरगुती रॅम विकणाऱ्या मायक्रॉनने तो धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. एएमडीच्या पुढच्या एएम५ सॉकेटावर जायचं म्हणजे बोर्ड नवा आणि रॅमही डीडीआर५ च. अशा वेळी हातात असलेली डीडीआर४ सोडू नये.

बायोस चालेल म्हणते म्हणून मोठ्यात मोठी चिप लावावी असंही नाही. प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग ए३२० सारख्या स्वस्त बोर्डांवर अशक्त असतो. त्यावर १०५ वॉटची आठ कोअरवाली चिप टाकली की लांबलचक एक्सपोर्टमध्ये तो तापतो आणि प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो. तिथं ६५ वॉटची ५६०० किंवा ५७००एक्स बरी. विजेचं गणित यूपीएसपर्यंत जातं. आपल्याकडे सर्रास दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. गेमिंग कार्ड आणि तगडा प्रोसेसर एकदम जोर करू लागले, आणि त्याच क्षणी लाइट गेली, की तोही मान टाकतो.

गळिताच्या हंगामात गच्चीवरच्या धुण्यावर काजळी बसते, तशीच ती कॅबिनेटात शिरते. मागाच्या शेडला लागून घर असेल तर सुताची रुईही. कुलरच्या पात्यांत तिचा जाड थर बसतो. नवा प्रोसेसर घेण्याआधी कुलर उतरवून साफ केला आणि वाळलेली पेस्ट बदलली, तर काहींचा जुना प्रोसेसरच पुन्हा धावायला लागतो. दुकानदाराचा यात काही फायदा नसतो, त्यामुळे हे सहसा कुणी सुचवत नाही.

बदलायचंच ठरलं, तर बायोस जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अपडेट करायचं. नवा बसवल्यावर पडदा काळा राहिला की बहुधा जुना परत बसवावा लागतो. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्डच जायची भीती असते, तेव्हा हे काम यूपीएसवर आणि भारनियमनाची वेळ टाळून करावं. डिस्क कुलूपबंद ठेवणारं बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवावी. प्रोसेसरबरोबर सुरक्षा-चिपची नोंद बदलते आणि मशीन ती की मागतं. एएम४ चा कुलर सरळ वर ओढायचा नाही. आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करावी, मशीन बंद करून प्लग काढावा, मग कुलर डावीउजवीकडे हलकेच फिरवत सोडवावा. नाहीतर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटातून उपटून येतो, आणि त्याच्या पोटाशी १३३१ पिना असतात.

सेकंडहँड बाजारात इंटेलचे १३व्या-१४व्या पिढीचे मोठे प्रोसेसर स्वस्तात दिसले तर जरा थांबा. जादा व्होल्टेजमुळे त्यातले काही हळूहळू खराब होत असल्याचं २०२४ मध्ये उघड झालं. ऑगस्टमध्ये इंटेलने मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि हमी २ वर्षांनी वाढवली. पण आधीच झिजलेली चिप या दुरुस्तीने बरी होत नाही. मूळ बिल आणि डबा असेल तरच असा माल घ्यावा. चिनी एक्स९९ बोर्डावरचा चौदा कोअरचा जुना झिऑनही 'एडिटिंगचा राजा' म्हणून गळ्यात मारला जातो. कोअर भरपूर आहेत हे खरं, पण चिप २०१६ ची, एकेका कोअरचा वेग बेताचा, आणि विंडोज ११ च्या यादीत ती नाही. थ्रीडी रेंडरला ठीक. रोजच्या टाइमलाइनला नको.

काढलेला जुना रायझन १६०० घरातल्या दुसऱ्या मशीनला लावायचा विचार असेल, तर एवढं बघा की त्यात अंगभूत ग्राफिक नाही, ५६०० मध्येही नाही. कार्डाशिवाय पडद्यावर काही दिसणार नाही. दुकानाच्या बिलासाठी किंवा पोराच्या अभ्यासासाठी मशीन जोडायचं असेल तर नावाच्या शेवटी 'जी' असलेली चिप शोधावी, आणि १६०० बिलासकट विकून टाकावा.