गैरसमज झाल्यावर ख्रिस्ती माणसाने काय करावे?

परतवाड्याजवळ कोठाऱ्याला लेप्रसी मिशनचे रुग्णालय आहे. अशा सेवेमागे धर्मांतराचा हेतू असावा, हा संशय महाराष्ट्रात जुनाच. त्याची सर्वांत बोलकी कहाणी ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंची.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवा व मुलींसाठी शारदा सदन ही शाळा-वसतिगृह काढले, पुढे ते पुण्यात आणले. स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी त्या दार लावून घेत नसत. काही मुली आपणहून येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून गदारोळ उठला. समाजसुधारक रानडे, भांडारकर संस्थेच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. टीकाकारांचा राग अगदीच बिनबुडाचा नव्हता. धर्माबाबत संस्था तटस्थ राहील, असे ठरले होते. रमाबाईंचे म्हणणे एवढेच: सक्ती करणार नाही, श्रद्धाही लपवणार नाही.

असा गैरसमज झाला, तर निमूटपणे सोसणे हा बायबलमध्ये एकमेव मार्ग नाही. येशू हेरोदापुढे गप्प राहिला, पण चापट मारणाऱ्या शिपायाला त्याने कारण विचारले. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात तर आधी एकांतात भेटून बोला, मग साक्षीदार न्या, शेवटी मंडळीला सांगा, असा क्रमच दिला आहे. चावडीवर उणीदुणी काढणे त्यात शेवटीही बसत नाही.

गदारोळानंतरही रमाबाईंचे काम थांबले नाही. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली-बायका आणल्या आणि केडगावला सांभाळल्या.