पावसातला निवडुंग आणि बर्फातला कढीलिंब

१९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे आमच्या चिरनेरचे नाव आपणां सर्वांना ठाऊक आहे. तिथला पाऊस तितका प्रसिद्ध नाही, पण तो शंभर इंचांच्या घरात पडतो. अशा गावी निवडुंगाच्या कुंड्या बाळगणे हा खुळेपणा, असे आमच्या घरच्यांचे मत होते आणि पहिल्याच श्रावणात ते खरे ठरले. उन्हाळाभर टणक असलेली झाडे बुडाशी मऊ पडली आणि बोट लावताच आडवी झाली. कुंपणावरचा त्रिधारी मात्र भर पावसात तरारतो, पण तो खरा निवडुंग नव्हेच. त्याला खरचटले की दूध येते, त्याचे कूळ एरंडाचे. खरे निवडुंगकूळ जवळजवळ सगळे अमेरिकेचे. आपल्याकडचा फड्याही मूळचा तिकडलाच.

आता गंमत पाहा. कोकणच्या पावसात कुजणाऱ्या याच कुळातली एक जात कॅनडात बर्फाखाली हिवाळा काढते. हे कसे? थंडीची चाहूल लागताच ती अंगातले पाणी कमी करते, सुरकुतते, मातीला टेकून आडवी होते. पाणी कमी झाले की रस दाट होतो आणि दाट रस सहजी गोठत नाही. म्हणजे निवडुंगाला बहुतेक वेळा मारते ती नुसती थंडी नव्हे, थंडीतली ओल. मातीतल्या फटी पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही, मग बुरशीचे फावते. शिवाय निवडुंग हा रातपाळीचा कामगार. तो रात्री रंध्रे उघडून हवा घेतो, दिवसा ती मिटून उन्हावर अन्न करतो. ऊनच नसेल तर पाणी पिऊन तो करणार काय?

उष्ण देशांतली झाडे थंड मुलखात जगवण्याचा श्रीमंती मार्ग म्हणजे काचघर. लंडनजवळ क्यू येथील बागेत १८४८ साली ताडामाडांसाठी असे भव्य घर पुरे झाले. त्याच्या तळघरात कोळशाच्या भट्ट्या होत्या आणि कोळसा भुयारातून लहानशा रुळांवरून येई. वरती ताड पाहणाऱ्यांपैकी किती जणांना खालचा भट्टीवाला आठवला असेल, कोण जाणे.

आपल्यासारख्यांपाशी असते ती खिडकी. आमच्या एका सोबत्याची लेक टोरांटोला असते. तिने तिथे कढीलिंबाचे रोप विकत घेऊन वाढवले. आई गेल्यानंतर घरची म्हणावी अशी तेवढीच वस्तू तिच्याजवळ होती. हिवाळ्यात पाने पिवळी पडली तशी ती घाबरली, रोज पाणी घालू लागली, वर खतही दिले. महिन्याभरात रोप मेले. ‘मी काय कमी केले?’ असे तिने बापाला विचारले. बाई, तू कमी काही केले नाहीस, जास्त केलेस. उजेड कमी आणि गारवा असला की कढीलिंब पाने टाकून झोपी जातो. ती त्याची रजा. रजेचा हक्क मिळवायला आम्हांला संप करावे लागले, झाडाला तो जन्मतःच आहे. तो मोडू नये, एवढेच.

तेव्हा कृती सोपी आहे. थंड मुलखात कढीलिंब गोठण्याआधीच घरात, सर्वांत उजेडाच्या खिडकीशी घ्यावा, काचेला टेकवू नये. माती वरून बोटभर सुकल्यावाचून पाणी नको, आणि पालवी फुटेपर्यंत खत नको. कुंडीतल्या निवडुंगाला हिवाळाभर जवळजवळ कोरडाच ठेवावा. आमच्या चिरनेरला हाच नियम उलट्या ऋतूत लागू होतो. माती निम्मी वाळू व विटेचे तुकडे घालून करावी, मृगाआधी कुंड्या पडवीच्या कडेला उजेडात आणाव्यात आणि दसऱ्यापर्यंत पाण्याचा तांब्या दूर ठेवावा. हवेतल्या दमटपणाने काही बिघडत नाही.

त्या मुलीने दुसरे रोप घेतले आहे. यंदा फेब्रुवारीत त्याच्या नुसत्या काड्या उरल्या, तेव्हा ते टाकून देऊ का, असे तिने विचारले. नखाने साल किंचित खरवडून पाहा, असे आम्ही कळवले. साल खालून हिरवी निघाली. तेव्हापासून पंधरा दिवसांनी एकदा, अर्धा पेला पाणी, असे चालले आहे.