बिशप हवा की नको? नागपुरात निघालेला तोडगा

नमस्कार मंडळी! गंमत बघा, मराठी ख्रिस्ती बोलीत ‘मंडळी’ म्हणजे चर्चमध्ये जमणारा समाज. आजचा प्रश्न तिचाच: मंडळीचा कारभार कुणी बघायचा?

प्रोटेस्टंटांकडे याची तीन जुनी उत्तरं आहेत. अँग्लिकन म्हणतात, बिशप. प्रेसबिटेरियन म्हणतात, पाळक आणि निवडलेले वडील यांची सभा. काँग्रिगेशनल म्हणतात, मंडळी स्वतःच. आपले रेव्हरंड ना. वा. टिळक पाळक झाले ते अमेरिकन मराठी मिशनमध्ये, म्हणजे काँग्रिगेशनल परंपरेत. तिथे बिशप नव्हताच.

मग अडलं कुठे? अनेक अँग्लिकन मानतात की पाळकाला दीक्षा बिशपनेच द्यायची, डोक्यावर हात ठेवून. आणि ही परंपरा थेट प्रेषितांपासून चालत आली आहे. उत्तर भारतातली चर्चेस एकत्र यायचं ठरवू लागली तेव्हा हा मुद्दा पेटला. बाकीच्यांनी बिशपकडून पुन्हा दीक्षा घ्यायची म्हणजे काय? आधी तीस वर्षं दिलेलं प्रभुभोजन खोटं होतं, असं कबूल करायचं? कुठला पाळक हे ऐकून घेईल!

दक्षिणेत १९४७ साली चर्च ऑफ साउथ इंडिया झालं, तेव्हा जुन्या पाळकांना आहे तसंच स्वीकारलं. नव्यांना मात्र बिशपच दीक्षा देणार, असं ठरलं. उत्तरेने वेगळी वाट काढली. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. तिथे सगळ्यांनीच एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. अँग्लिकन बिशपांनीही डोकं पुढे केलं. कुणाची जुनी दीक्षा खोटी ठरवली नाही. ज्याला जे कमी असेल ते देवाने द्यावं, एवढंच मागितलं.

बिशप राहिला, पण घटनेने बांधलेला. सोबत सिनड आली, आणि तिच्यात साध्या सभासदांचे प्रतिनिधीही. बिशपपद नेमकं कशामुळे पवित्र, याचा एकच सिद्धांत मात्र कुणावर लादला नाही.

मला यातली हुशारी इथे दिसते: वाद संपला नाही, तरी एकत्र राहता आलं. अर्थात बिशपच्या हातात किती सत्ता असावी, हा प्रश्न अजून जिवंत आहे. घटना कागदावर असते. ती पाळली जातेय का, हे शेवटी मंडळीनेच बघायचं.

भेटू पुढच्या भागात!